हिवाळ्यातील कुंडीबाग

कार्तिकात तुळशीचे लग्न थाटाने लागते आणि पौषात तीच तुळस काळवंडून मान टाकते, हा जबलपूरमधील अनेक मराठी घरांचा अनुभव आहे. ज्येष्ठांच्या मनाला त्याची रुखरुख लागते. क्वचित अपशकुनाची शंकाही डोकावते. वस्तुतः दोष असतो तो थंडीचा, आणि पुष्कळदा कुंडीचा व पाण्याचा.

नर्मदाकाठच्या या शहरात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान अनेकदा १० अंश सेल्सिअसच्या खाली उतरते. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला, तर क्वचित हिमतुषारही पडतात. स्थानिक हिंदीत त्यास ‘पाला’ म्हणतात. मराठी कानाला मात्र झाडाचा पालाच आठवतो! तुळस उष्ण प्रदेशातील असल्याने अशा थंडीत तिची वाढ जवळजवळ थांबते. जमिनीतील रोपाच्या मुळांना खोल मातीची ऊब लाभते. गच्चीवरील कुंडी मात्र चहूबाजूंनी गार होते.

त्यातच श्रद्धेने रोज तांब्याभर पाणी घातले जाते. थंडीत रोप पाणी फारसे ओढत नाही. येथील काळी माती ओल धरून ठेवते आणि मुळे कुजतात. थंडीपेक्षा या पाण्यानेच अधिक तुळशी दगावत असाव्यात. पूजेसाठी पळीभर पाणी पुरेसे आहे; एरवी वरची दोन बोटे माती कोरडी झाल्यावरच, तेही सकाळी, पाणी द्यावे. काळ्या मातीत वाळू व शेणखत मिसळावे. कुंडी दक्षिणेकडे ऊन येणाऱ्या भिंतीलगत ठेवून सायंकाळी जुन्या सुती कापडाने झाकावी आणि सूर्योदयानंतर कापड काढावे. मंजिऱ्या खुडून बी राखून ठेवावे. वाळलेले रोप उपटण्याची घाई नको. खोड नखाने खरवडता आत हिरवे दिसले, तर फाल्गुनात छाटणी केल्यावर नवी पालवी फुटू शकते. पाने गाळून बसलेल्या कढीलिंबालाही हीच सवलत द्यावी.

कोथिंबीर आणि मेथी यांना मात्र हीच थंडी मानवते. उन्हाळ्यात लवकर फुलावर येणारी कोथिंबीर या दिवसांत दीर्घकाळ कोवळी राहते. धणे हलकेच रगडून दोन भाग करावेत, रात्रभर भिजवावेत आणि वीतभर खोल कुंडीत पेरावेत. उगवण्यास दोन आठवडेही लागतात, तेव्हा धीर धरावा. दर पंधरा दिवसांनी एकेक कुंडी पेरत गेल्यास होळीपर्यंत स्वयंपाकघरास ताजी जुडी मिळत राहते.