धान्याची साठवण

तमिळनाडूतील कुंभकोणमजवळचे साक्कोट्टै हे गाव कावेरीच्या भातपट्ट्यात वसले आहे. या प्रदेशात पूर्वी घरोघरी भात मातीच्या ‘कुदिर’मध्ये साठवीत, आपल्याकडील कणगीचेच ते भावंड होय.

कणगी जाऊन डबे आले, तरी कीड गेली नाही. सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडे घालते व ते भोक बुजविते. म्हणून वरून निरोगी दिसणारे धान्यही आतून पोखरले जात असते. धान्य कोरडे असल्यास किडीची वाढ मंदावते. यासाठी गहू व डाळी कडक उन्हात, तांदूळ मात्र सावलीत वाळवावेत. ते थंड झाल्यावरच कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरावेत. जुन्या धान्यावर नवे ओतू नये. एका किडक्या मुठीने वर्षाची बेगमी वाया जाते.