जुन्या घराची पन्हळ व झालर

मृग नक्षत्र लागण्यापूर्वीं शेतकरी नांगराचा फाळ पाहतो, शेताचे बांध पाहतो, बियाणें निवडून ठेवितो. परंतु ज्या घरांत तें बियाणें ठेवावयाचें, त्याची वळचण मात्र क्वचितच कोणी पाहतो. आमच्या किनाऱ्यावरील जुनीं कौलारू घरें खचूं लागतात तीं बहुधा वळचणीच्या बाजूनें. म्हणून पोफळीची पन्हळ व वाशांपुढील लांकडी झालर हीं दोन्हीं कामें घरच्या घरीं कशीं करावीं, हें प्रस्तुत लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम हिशेब करूं. तीस फूट लांब व बारा फूट रुंद जागा झांकणाऱ्या एका पाख्यावर एक इंच पाऊस पडला म्हणजे तीस घनफूट, अर्थात् सुमारें ८५० लिटर पाणी वळचणीस येतें. पावसाळ्याचा एकंदर पाऊस ८० इंच धरला तर ही बेरीज ६८,००० लिटरांवर जाते. हें सर्व पाणी पागोळ्यांनीं एकाच रेषेंत पडून जमीन खणतें, भिंतीवर चिखल उडवितें व जोत्यांत मुरतें. जांभ्याची भिंत मातींत रचलेली असल्यास सांधे मऊ होतात, खांबांचे बुंधे व उंबरे कुजतात, आणि ओलसर लांकडास वाळवी लागते.

३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूस किनाऱ्यावर आलें, तेव्हां रायगडच्या किनाऱ्यावरील वाड्यांतून पोफळी व माड हजारोंनीं आडवे झाले. आमच्याही वाडींतील पोफळी पडल्या. बरींचशीं खोडें सरपणास गेलीं. कांहीं निवडक तेवढीं आम्हीं पन्हळींकरितां आडोशास ठेविलीं. त्यापूर्वीं आमच्या वळचणीस लोखंडी पत्र्याची पन्हळ होती. खाऱ्या वाऱ्यानें ती थोड्याच वर्षांत चाळणीसारखी झाली. पण त्याहून मोठा दोष बसविण्यांत होता. तिची बाहेरची कड उंच व घराकडील कड नीच राहिली होती. पन्हळ तुंबली कीं पाणी भिंतीच्या अंगास सांडे, व तें पांच वाशांचीं तोंडें कुजेपर्यंत आमच्या ध्यानांत आलें नाहीं. चूक कारागिराची खरी, पण पाहण्याचें काम आमचें होतें.

खोडाची निवड

अष्टागरांतील वाड्यांतून रहाटाचें पाणी पाटांत सोडण्यास पन्हळी लावीत, त्यामुळें हें काम आमच्या बागाइतदारांस अगदींच अपरिचित नाहीं. पोफळीच्या खोडाची रचनाच पन्हळीस सोयीची आहे: बाहेर कठीण, उभ्या तंतूंचें कवच व आंत मऊ गाभा. जून, फळ कमी झालेली पोफळ घ्यावी. शेंड्याकडील सुमारें तिसरा भाग कोंवळा असतो, तो टाकून द्यावा. झाड तोडावयाचें तर कोरड्या दिवसांत तोडावें. पावसांत पडलेलें खोड लगेच फोडून गाभा काढावा. तसेंच राहूं दिल्यास तें आंतून नासतें.

पन्हळ करण्याची कृति

खोडाच्या दोन्ही तोंडांवर मध्यरेषा आंखून, कावेंत बुडविलेल्या दोऱ्यानें दोन्ही अंगांस सरळ रेघ मारावी. त्या रेघेवर हात हात अंतरानें लांकडी पाचरी थोड्या थोड्या ठोकीत जावें. एकच पाचर खोल मारल्यास चीर भलतीकडे जाते. दोन फाकी झाल्यावर वाकसानें गाभा काढून गोल पटाशीनें आंतील अंग साफ करावें. कवच अर्ध्या इंचाहून पातळ करूं नये.

नंतर फाकी सपाट जागीं ओंडक्यांवर पालथ्या ठेवाव्या, वर वजन द्यावें, व तीन आठवडे सावलींत वाळवाव्या. उन्हांत वाळविल्यास त्या वाकतात व चिरतात. वाळल्यावर उंडीचें तेल किंवा करंजेल कोमट करून आंतबाहेर दोन हात द्यावे. तोंडें अधिक पाणी पितात, म्हणून तेथें तीन. काजूच्या टरफलांचें तेलही चालतें. मात्र तें अंगावर पडल्यास फोड येतात व त्या पन्हळीचें पाणी पिण्यास घेऊं नये.

बसविण्याची रीत

खोड बुंध्याकडे जाड व शेंड्याकडे बारीक असतें. म्हणून प्रत्येक तुकड्याचा बुंधा उताराच्या वरच्या बाजूस ठेवावा. म्हणजे वरच्या तुकड्याचें बारीक तोंड खालच्या तुकड्याच्या रुंद बुंध्यांत बसतें. तुकडा तुकड्यांत सहा इंच तरी शिरला पाहिजे. खालीं येईतों पाणी वाढत जातें, यास्तव सर्वांत जाड खोड शेवटीं लावावें.

उतार दर आठ फुटांस एक इंच पुरे. तो दोरी व पाणसळ लावून ठरवावा. वळचण पंचवीस फुटांहून लांब असल्यास मध्यावरून दोन्ही अंगांस उतार द्यावा. आकडे जस्त चढविलेल्या पट्टीचे करून तीन तीन फुटांवर वाशाच्या बाजूस स्क्रूनें बसवावे, वाशाच्या तोंडांत ठोकूं नयेत. कौलाची कड पन्हळीच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत आंत यावी. आणि मुख्य नियम हा कीं, बाहेरची कड घराकडील कडेपेक्षां अर्धा इंच नीच असावी. पन्हळ कधींतरी भरणारच. भरली तर पाणी अंगणांत सांडावें.

शेवटचें पाणी जोत्यापासून तीन फूट दूर दगडावर पाडून पाटानें केळीस किंवा माडास न्यावें. ज्यांची विहीर मचूळ आहे त्यांनीं पहिल्या सरींचें मळकट पाणी जाऊं देऊन पुढचें झांकलेल्या टांकींत सांठवावें. बाजारांत प्लास्टिकची पन्हळ मिळते व ती गंजत नाहीं; ज्यांस वेळ नाहीं त्यांनीं ती घ्यावी. उताराचे व कडेचे वरील नियम मात्र तिलाही लागू आहेत.

झालर

झालर ही शोभेची वस्तु समजून पुष्कळ लोक दुरुस्तीच्या वेळीं ती काढून टाकतात. वास्तविक वाशाचें कापलेलें तोंड सर्वांत अधिक पाणी पितें, व तें झांकणें हें झालरेचें पहिलें काम. खालच्या कडेस पानें किंवा करवतीसारखे दांते कोरतात, त्यालाही कारण आहे. पाणी टोंकाशीं जमून थेंबानें खालीं पडतें, सपाट कडेवरून मागें वळत नाहीं.

एक इंच जाड व सहा ते आठ इंच रुंद फळी घ्यावी. साग उत्तम, ऐन व फणसही चालतात. जुन्या घराचें उतरलेलें सागवान मिळाल्यास फारच चांगलें. झाड तोडावयाचें असल्यास १९६४ च्या वृक्षतोड नियमन अधिनियमाची आठवण ठेवावी. आपल्या मालकीच्या जमिनींतील झाड असलें तरी आधीं तलाठी व वनखातें यांजकडे चौकशी करून लागणारी परवानगी घ्यावी. दोन फळ्यांचा सांधा तिरकस कापावा, त्यांत तेल भरावें, व पितळी स्क्रू वापरावे. कौल व झालर यांमध्यें वारा खेळण्यास अर्धें बोट, आणि झालर व पन्हळ यांमध्यें एक बोट जागा सोडावी. लांकूड लांकडास टेंकलें कीं तेथें ओल राहते.

वार्षिक देखरेख

रोहिणी नक्षत्रांत शिडी लावून पन्हळींतील पाला काढावा व एक घागर पाणी ओतून उतार पाहावा. पहिल्या मोठ्या सरींत छत्री घेऊन घराभोंवतीं एक फेरी मारावी. कोठें काय गळतें तें त्या वेळीं स्पष्ट दिसतें. दिवाळीनंतर लांकूड वाळलें म्हणजे तेलाचा एक हात द्यावा. पोफळीची पन्हळ कांहीं वर्षांनीं बदलावी लागते, हें खरें. पण ती आपल्याच वाडींत उगवते, आणि एक तुकडा बदलण्यास सबंध वळचण उतरावी लागत नाहीं. आमचे कुजलेले पांच वासे बदलण्यास जो खर्च आला, त्याच्या मानानें या सर्व कामाचा खर्च अगदींच अल्प होता.

वाचकांपैकीं कोणी माडाच्या खोडाची पन्हळ करून पाहिली असल्यास तिचा अनुभव मासिकाकडे अवश्य कळवावा.