भट्टी सोडताना

साहुकारपेठ, चेन्नई

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं, नीट बोलता आलं नाही. नंतर वहिनींचा दोनदा आला. "सात वर्षं शिकलेलं काम सोडून पोरगा कचऱ्याच्या कारखान्यात निघालाय, समजवा त्याला," म्हणाल्या. मी कसला समजावतोय? तू जा.

गलाई तरी आपला पिढीजात धंदा कुठं होता? खानापूर-आटपाडीच्या माळावर पाऊस दगा देई, म्हणून माणसं देशभर पांगली आणि सोनं-चांदी गाळायला शिकली. आबा मद्रासला उतरले तेव्हा त्यांच्या हाताला नांगराचे घट्टे होते, तेजाबाचा वासही ठाऊक नव्हता. मी तुला कोणत्या तोंडानं अडवू?

पण रिकाम्या हातानं निघालोय असं समजू नकोस. गुम्मिडीपूंडीच्या त्या कारखान्यात जुन्या मोबाइल-कॉम्प्युटरच्या सर्किट बोर्डांतून सोनं, चांदी, तांबं काढतात. तू दुसरं काय करतोस? सोन्यात तिप्पट चांदी घालून गाळायची, मग नायट्रिकमध्ये उकळायचं. चांदी विरघळते, तळाला गेरूसारखी तपकिरी पूड उरते. पहिल्यांदा ती बघून तू घाबरलास, "काका, सोनं करपलं!" म्हणून ओरडलास. मुशीत टाकणखार घालून वितळवली तेव्हा पिवळीधमक झाली, आणि तू कितीतरी वेळ हातात धरून बसलास. उरलेल्या पाण्यात तांब्याची पट्टी टाकून चांदी परत मिळवणं तर तुला झोपेतही जमेल. मुलाखतीत हे सगळं सांग. "सोन्याच्या दुकानात होतो" एवढं बोलून गप्प बसू नकोस.

फरक मालात आहे. आपल्याकडे दागिना येतो. तिथं ढीगच्या ढीग माल, त्यात सोनं नावापुरतं, तांबं भरपूर, शिवाय शिसं आणि जाळलं तर विषारी धूर सोडणारं प्लास्टिक. तिथं हाताचा अंदाज पुरत नाही. तेजाब किती, तापमान किती, वेळ किती, सगळं लिहावं लागतं. ही सवय तुला नाही, मलाही नाही. गावच्या जत्रेहून परत आलास की पहिल्या दिवसापासून दुकानातला प्रत्येक घाणा वहीत उतरव.

आणि तमिळ शीक. इथं मारवाडी-गुजराती शेजार आहे, हिंदीवर निभावलं. तिथं कुणी धोक्याची हाक मारली तर ती तमिळमध्येच असेल. तू रजनीकांतचं उदाहरण दिलंस. शिवाजीराव गायकवाड, मराठी घरातला, बंगळूरची कंडक्टरकी सोडून मद्रासला आला, खरं आहे. पण कंडक्टर असतानाच तो नाटकांत कामं करत होता. इथं येऊन फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकला, तमिळ शिकला आणि मग 1975 साली बालचंदरांच्या चित्रपटात छोट्या भूमिकेत दिसला. मला त्याचं हे शिकणंच जास्त मोठं वाटतं.

पगार सुरुवातीला कमी असेल, तुझ्याहून लहान डिप्लोमावाला तुला काम सांगेल. ते सोस. सहा महिन्यांचा खर्च मात्र बाजूला असू दे. खोलीचं भाडं मी बघतो.

एक गोष्ट हट्टानं मागतो. होकार देण्याआधी कारखाना आतून बघ. तेजाबाचा तो नारिंगी धूर कुठं जातो, तो धुऊन काढणारं यंत्र आहे का, प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी आहे का, सगळं विचार. विचारायला लाजू नकोस. कुठं बोर्ड उघड्यावर जाळताना दिसले तर पगार कितीही असो, त्याच पावली माघारी फीर. माझा खोकला तू सात वर्षं रात्री ऐकला आहेस. आपल्या खोलीत एक पंखा सोडून दुसरं काही नव्हतं. धूर अंगावर घेणं म्हणजे धंद्याचाच भाग, असं मी समजत आलो. त्याची किंमत मला फार उशिरा कळली.

जत्रा उरकून ये. वहिनींशी मी बोलतो. सोमवारी दुकान बंद ठेवतो, सेंट्रलवरून गुम्मिडीपूंडीची लोकल धरू आणि दोघं जाऊन बघून येऊ.

तुझा,
काका