गिरणी वाढवितांना विजेच्या खर्चाचा विचार

आपल्या सभासद बंधूंपैकीं कित्येकांनीं डाळगिरणी, हळद दळण्याचें यंत्र किंवा प्रतवारीगृह घातलें आहे. धंदा चालूं लागला कीं शेड वाढवावी, दुसरी मोटार बसवावी, असें साहजिकच मनांत येतें. त्या वेळीं इमारत व यंत्रें यांच्या किंमतीचा अंदाज बारकाईनें होतो. विजेचा मात्र होत नाहीं. इमारतीचे पैसे एकदांच द्यावे लागतात. विजेचें देणें शेतसाऱ्याप्रमाणें दरसाल उभेंच असतें. प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसुली दप्तरांत आंकडे मांडण्यांत गेलें. तरीही ही चूक त्याच्या हातून झाली, म्हणून चार शब्द लिहीत आहें.

आमच्या गांवच्या संस्थेनें डाळगिरणी वाढवितांना २० अश्वशक्तीची, गुंडाळी बदललेली जुनी मोटार स्वस्त मिळाली म्हणून घेतली. पुढें आणखी एक मोटार यावयाची, या आशेनें वीजमागणीही आधींच दुप्पट मंजूर करून घेतली. ती मोटार आलीच नाहीं. गिरणी हंगामापुरती चाले, परंतु बंद महिन्यांतही मागणी आकार भरावा लागे. दोन वर्षें सभासदांस लाभांश देतां आला नाहीं. त्या ठरावावर माझीही सही होती.

यावरून ध्यानांत आलेल्या गोष्टी येणेंप्रमाणें:

(१) मोटारीची कार्यक्षमता. एक अश्वशक्ति म्हणजे ७४६ वॅट; तेव्हां २० अश्वशक्तीचें काम १४.९२ किलोवॅटचें झालें. मोटार शेंकडा ८५ कार्यक्षम असल्यास ती १७.५५ किलोवॅट वीज ओढील, शेंकडा ९१ असल्यास १६.४०. रोज ८ तास याप्रमाणें वर्षांत २०० दिवस पूर्ण भारानें गिरणी चालल्यास सुमारें १,८५० युनिटांचा फरक पडतो. युनिटास ८ रुपये दर धरला तर वर्षास १४,८०० रुपये होतात. स्वस्त मोटारींत वांचलेली रक्कम किती दिवस पुरेल, हें वाचकांनींच ताडून पहावें.

(२) मंजूर मागणी. गरजेपेक्षां अधिक मागणी घेतल्यास न वापरलेल्या शक्तीचाही भार पडतो. कमी घेऊन ती ओलांडल्यास दंड बसतो. म्हणून यंत्रें प्रत्यक्ष येतील तसतशी मागणी वाढवावी. सर्व मोटारी एकदम सुरू न करतां कामाच्या पाळ्या लावल्यास मागणीचा उच्चांक खालीं राहतो. धंदा हंगामी असल्यास त्यासाठीं दरपत्रकांत कांहीं सवलत आहे काय, याची आधींच लेखी चौकशी करावी.

(३) शक्तिगुणक. मोटारींचा शक्तिगुणक ०.७५ असल्यास १५ किलोवॅटच्या कामास २० केव्हीए लागतात, तो ०.९५ वर आणल्यास १५.८ केव्हीए पुरतात. याकरितां येथें सुमारें ८ केव्हीएआरचा कपॅसिटर लागेल. हा खर्च एकदांच करावयाचा असून त्याचा लाभ दर बिलांत दिसतो. मात्र कपॅसिटर निकामी झाला आहे कीं काय, हें वेळोवेळीं तपासलें पाहिजे.

(४) पाण्याची नळी. वाढीव कामासाठीं जुन्याच नळींतून दुप्पट पाणी काढूं गेल्यास घर्षण दुप्पट न होतां जवळजवळ चौपट होतें. रुंद नळीस आज चार पैसे अधिक पडले, तरी पंपाचा भार कायमचा हलका होतो.

(५) सूर्यशक्ति. छपरावरील १ किलोवॅटच्या संचापासून आपल्या प्रांतीं दिवसास सरासरीनें सुमारें ४ युनिटें मिळतात. परंतु आधीं वरील उपायांनीं खर्च कमी करावा, मगच संचाचा आकार ठरवावा. नाहींतर उधळपट्टी भागविण्यासाठींच मोठा संच घेतल्यासारखें होईल.

विजेचे दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवितो व ते बदलत असतात. म्हणून चालू दरपत्रक हातीं घेऊनच हिशेब करावा, आणि दर वाढल्यास आपली गिरणी तग धरील काय, हेंही त्याबरोबरच पहावें.

सारांश, वाढीचा ठराव मंजूर करण्यापूर्वीं तीन आंकडे सभेपुढें ठेवावे: यंत्राची किंमत, दहा वर्षांचें वीजबिल आणि गिरणी बंद असतांना पडणारा मासिक आकार. पहिला आंकडा सर्वांसच दिसतो. दुसरा व तिसरा आम्हीं पाहिला नाहीं, आणि त्याचें मोल सभासदांनीं भरलें. इतर संस्थांवर तशी वेळ न येवो.