घरच्या बागेसाठी टोमॅटोचे नवे वाण कोणते निवडावेत?

घरच्या बागेत टोमॅटोचा वाण निवडताना फळाच्या आकारापेक्षा रोगप्रतिकारशक्ती आधी पाहावी. पांढरी माशी पर्णगुच्छाचा विषाणू पसरवते. तो एकदा शिरला की पाने आकसतात, वाढ खुंटते आणि त्यावर उपाय उरत नाही. बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचा 'अर्का रक्षक' हा संकरित वाण पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्ही रोगांना तोंड देतो. त्याची फळे ९० ते १०० ग्रॅमची, घट्ट सालीची असतात. त्यानंतरचा 'अर्का अभेद' उशिरा येणाऱ्या करप्यालाही दाद देत नाही, म्हणून दमट हवेच्या गावी पहिली पसंती त्यालाच द्यावी.

गच्चीवर किंवा बाल्कनीत चेरी टोमॅटो अधिक समाधान देतो. वेल उंच वाढतो, म्हणून काठीचा किंवा दोरीचा आधार लागतो. पण घोस एकामागून एक पिकत राहतात आणि गोडीही सरस असते. कुंडी निदान १५ लिटरची, ऊन सहा तासांचे हवे.

संकरित वाणाचे बी धरून ठेवू नये. पुढच्या पिढीत गुण विखुरतात. दरवर्षी स्वतःचेच बी वापरायचे असेल, तर 'पुसा रुबी'सारखा जुना सरळ वाण घ्यावा. त्याची आंबट, रसदार फळे सार आणि आमटीसाठी उत्तम, मात्र रोगांपुढे तो नाजूक आहे.

पारा ३५ अंशांच्या वर गेला की फुले गळतात. त्यामुळे महाराष्ट्रात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रोपे तयार करणे सोयीचे.