आमटी ढवळून वाढायला सांग

सातारा, रविवार

चि. ओंकार यास,


काल वहिनीचा फोन आला. दोन महिन्यांत तिसऱ्यांदा सर्दी-ताप, आणि त्यावर उपाय म्हणून तू नऊशे रुपयांची ‘इम्युनिटी’ची पावडर आणलीस म्हणे. गेले ते पैसे गेले. पण तीस वर्षं आरोग्य केंद्रात नर्स म्हणून काढली मी. प्रतिकारशक्ती बरणीतून देता आली असती तर आम्ही वाड्या-वस्त्यांवर तीच वाटत फिरलो असतो.

मुळात ती ‘वाढवायची’ कशाला? तुझ्या आजीच्या आमवातात हीच शक्ती तिच्याच सांध्यांवर उलटली होती. या शक्तीनं वेळेवर नेमकं काम करावं, एवढंच आपल्याला हवं. त्यासाठी कच्चा माल लागतो. जंतूंना पकडणाऱ्या अँटीबॉडी म्हणजे प्रथिनंच. ती ताटातच नसतील तर शरीर त्या घडवणार कशातून? तुझ्या मेसची आमटी गेल्या खेपेला पाहिली मी. वाटीचा तळ दिसत होता! वर दिवसभर चहा-क्रीमरोल आणि रात्री वडापाव. पोट भरतं रे, पण तुझ्या वजनाला दिवसाकाठी साधारण ४८ ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात सहा, मूठभर शेंगदाण्यात सात. आता तूच हिशेब कर, गणित तुझं चांगलं आहे.

झारखंडमध्ये झालेला एक अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. क्षयरोग्यांच्या घरातल्या माणसांना काही महिने दरमहा माणशी ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. ज्या घरांत फक्त रोग्यालाच शिधा मिळाला, त्यांच्या तुलनेत या घरांत नव्यानं क्षय होण्याचं प्रमाण जवळजवळ ४० टक्क्यांनी कमी भरलं. तांदूळ आणि डाळ, बाबा! हे वाचलं तेव्हा मला आमच्या केंद्राच्या हद्दीतली कितीतरी घरं आठवली. गोळ्या आम्ही नेमानं पोचवायचो, पण चुलीवर काय शिजतंय ते क्वचितच विचारायचो.

हे तुला सांगते, कारण क्षय हवेतून पसरतो, आणि तुमची ती पेठेतली अभ्यासिका डोळ्यांसमोर येते. एसीसाठी खिडक्या बंद, पन्नास पोरं खांद्याला खांदा लावून, आणि निम्मी तुझ्यासारखी वाळलेली. तिथली खिडकी उघडायला लावा, भांडण झालं तरी चालेल. आणि खोकला दोन आठवड्यांहून जास्त रेंगाळला, तर सिरप पीत बसू नकोस. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घे. पैसे पडत नाहीत.

दुसरं, झोप. “चार तास पुरतात” असं तू दिवाळीत ऐटीत सांगत होतास. अमेरिकेतल्या एका प्रयोगात १६४ निरोगी माणसांच्या नाकात मुद्दाम सर्दीच्या विषाणूचे थेंब घातले. आधीच्या आठवड्यात रोज सहा तासांपेक्षा कमी झोपलेल्यांना, सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांपेक्षा सर्दी होण्याची शक्यता चौपट होती. तेव्हा रात्री दोनपर्यंत राज्यघटना घोकून पुढचे चार दिवस तापात लोळण्यापेक्षा अकराला दिवा मालव.

सी जीवनसत्त्वाच्या गोळ्यांवर खर्च करू नकोस. तुझ्यासारख्यांची सर्दी त्यांनी टळत नाही, रोज घेतल्या तर जेमतेम थोडी लवकर आटोपते. पेरू खा, मंडईत ढिगानं मिळतो. सिगारेटचं मी काही ऐकलेलं नाही, असं समजून पुढे जाते.

मेसवाल्या मावशींना सांग, आमटी तळापासून ढवळून वाढा. लाजू नकोस, महिन्याचे पैसे मोजतोस. वहिनीनं पाठवलेला लाडवांचा डबा मागच्या वेळी बुरशी येऊन परत आला, तसं यंदा करू नकोस. रूमवरच्या पोरांनाही दे.

आणि येत्या रविवारी कुठल्याही मेडिकलमधल्या काट्यावर उभा राहा, आकडा मला फोनवर कळव. दिवाळीत ५८ होता.

तुझी,
आत्या