इम्पाला घेण्याआधी गाडीखाली शिरा

जुनी पंखवाली अमेरिकन गाडी घ्यायची आहे, काय बघू, असं विचारणारे लोक मला भंडाऱ्यात, तुमसरला, अगदी साकोलीच्या बाजारातही भेटतात. बहुतेकांनी मोबाइलवर फोटो पाहिलेला असतो: चकचकीत क्रोम, लांबलचक शेपूट, मागे मांजराच्या डोळ्यांसारखे दोन लाल दिवे. फोटोत दिसतं ते सगळं शेवटी बघायचं असतं, हे मी प्रत्येकाला सांगतो.

या पंखांची सुरुवात 1948 च्या कॅडिलॅकपासून झाली. जनरल मोटर्सचा डिझाइनप्रमुख हार्ले अर्ल याला पी-38 लायटनिंग या लढाऊ विमानाच्या दुहेरी शेपटीचा मोह पडला होता. पुढची दहा वर्षं अमेरिकन कंपन्यांमध्ये पंख वाढवण्याची चढाओढ लागली आणि 1959 च्या कॅडिलॅकवर ते सर्वांत उंच झाले. त्याच वर्षी शेवरलेटने इम्पालाचे पंख आडवे पसरले. तिकडे कॅडिलॅक श्रीमंतांची आणि शेवरलेट सर्वसामान्य घरांची गाडी होती. आपल्याकडे मात्र इम्पाला हेच श्रीमंतीचं दुसरं नाव झालं. जनरल मोटर्सचा मुंबईतला शिवडीचा जुळणी कारखाना 1954 मध्ये बंद झाला होता, त्यामुळे पंखवाल्या गाड्या बाहेरूनच आल्या. काही थेट आयात झाल्या, काही परदेशी वकिलातींनी वापरून झाल्यावर स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या गेल्या. तिथून त्या खाणवाले, विडीवाले, चित्रपटवाले अशा हातांतून फिरल्या. इतके हात बदललेल्या गाडीचे कागद सरळ असतीलच, असं धरून चालू नये.

आमच्या मामांनी 1959 ची इम्पाला परराज्यातल्या एका दलालाकडून घेतली. रंग नवा, सीटा नव्या, आवाज गोड. ती भंडाऱ्याला आणताना वैनगंगेच्या पुलाअलीकडे, कारध्याजवळ, पुढचा धानाचा ट्रॅक्टर अचानक थांबला. मामांनी ब्रेक दाबला आणि पेडल तळाला टेकलं. दुसऱ्या गिअरमध्ये टाकून, पार्किंग ब्रेक लावत, गाडी मातीच्या कडेला उतरवून त्यांनी ती थांबवली. मी शेजारी होतो. त्या गाडीत सीटबेल्ट नाही, पुढे पत्र्याचा डॅशबोर्ड आहे आणि स्टिअरिंगचा दांडा सरळ छातीवर रोखलेला आहे. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षेच्या विमा संस्थेने 2009 मध्ये 1959 ची शेवरलेट बेल एअर आणि 2009 ची मालिबू ताशी 64 किलोमीटरने एकमेकींवर आदळवल्या होत्या. मालिबूच्या चालकाला फार तर पायाला इजा झाली असती. बेल एअरचा चालक वाचला नसता. बेल एअर आणि इम्पाला एकाच सांगाड्याच्या. जुन्या गाड्या दणकट असतात म्हणणाऱ्यांनी ती चित्रफीत एकदा बघावी आणि मग लहान मुलांना पुढच्या सीटवर बसवायचं का ते ठरवावं.

ब्रेक का गेला? त्या काळच्या शेवरलेटमध्ये चारही चाकांना ऑइल पुरवणारा मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा असे. एका चाकाचा सिलिंडर गळला की चारही चाकं गेली. दोन स्वतंत्र सर्किटं शेवरलेटमध्ये 1967 च्या मॉडेलपासून आली. आमच्या गाडीच्या मागच्या एका चाकाचा सिलिंडर आतून गंजलेला होता. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं आणि आपल्याकडे पावसाळाभर हवा ओलीच असते. म्हणून सौदा करण्याआधी चारही ड्रम उघडायला सांगा. विकणारा नको म्हणाला तर सौदाही नको म्हणा. घेतल्यावर रबरी होज, चाकांचे सिलिंडर आणि मास्टर एकदम बदला; एकेक करून बदलण्यात पैसा वाचत नाही. टायरची नक्षीही फसवते. कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत असली तरी दहा वर्षांपूर्वीचा टायर त्या दीड टनाहून जड गाडीखाली नको.

ब्रेकसाठी गाडी वर घेतली तेव्हा खरी गोष्ट कळली. गडेगावच्या लेलँड कारखान्यातून निवृत्त झालेले एक फिटर आमच्या ओळखीचे. त्यांनी सांगाड्यावर पेचकस ठोकला, तो आत शिरला. म्हणाले, "हे लोखंड नाही जी, डांबर हाये." गंजलेल्या भागावर जाड डांबरी लेप चढवून वरून काळा रंग मारला होता. इथे इम्पालाची एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. 1958 ते 1964 या वर्षांत तिचा सांगाडा इंग्रजी एक्स अक्षरासारखा होता आणि त्याला बाहेरच्या बाजूंना पट्ट्याच नव्हत्या. त्यामुळे दाराखालच्या उंबरठ्यासारख्या पत्र्यावर बराच भार येतो. तो पत्रा आणि एक्सचा मधला जोड सडला असेल तर गाडीचं कंबरडंच मोडलं समजा. पेचकस, चुंबक आणि टॉर्च घेऊन स्वतः खाली शिरा. पुट्टीवर चुंबक चिकटत नाही. चारही दारं उघडून बघा. दार उघडताना खाली लोंबलं किंवा फट वरखाली दिसली तर सांगाडा वाकलेला असू शकतो.

आता कागद. केंद्राने 15 जुलै 2021 रोजी विंटेज वाहनांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली, खासगी वापराची गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये आणि 10 वर्षांची मुदत. पण अट अशी की चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नको. पेट्रोल महागल्यावर अशा कितीतरी गाड्यांमध्ये पर्किन्सचं किंवा दुसरं डिझेल इंजिन बसवलं गेलं. तेव्हा इंजिनावरचा आणि चॅसीचा नंबर स्वतः पुसून वाचा आणि आरसी बुकाशी एकेक अक्षर ताडून बघा. आणखी एक गोष्ट लोक विसरतात. विंटेज नोंदणी घेतली की गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. साधी नोंदणी जिवंत असेल आणि लग्नात, सणाला गाडी फिरवायची असेल तर ती सोडू नका. आधी आरटीओत बसून विचारा. स्टिअरिंग डावीकडे असेल तर चालू सिग्नल यंत्रणेशिवाय गाडी रस्त्यावर आणायला मोटार वाहन कायद्याची बंदी आहे, हेही लक्षात असू द्या.

पेट्रोलचं दुखणं नवं आहे. 20 टक्के इथेनॉल जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा फुगवतं, टाकीतला जुना गाळ सोडवून कार्बोरेटरमध्ये नेतं. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या हव्यात, टाकी उघडून धुतलेली हवी, आणि गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर पेट्रोल काढून घ्यावं. सीटखाली आग विझवायचं नळकांडं ठेवा. शिसेविरहित पेट्रोलमुळे व्हॉल्व्ह सीट झिजतात म्हणून कोणी लगेच हेड उतरवायला सांगेल. वर्षाला थोडी फिरणारी गाडी असेल तर मी ती घाई करणार नाही. उंदरांची मात्र करीन. धानाच्या कोठाराशेजारी गाडी ठेवली की वायरिंग कुरतडलं जाणारच.

उन्हाळ्यात पारा 45 च्या आसपास गेला की सहा सिलिंडरचं इंजिनही तापतं. लगेच कोणीतरी ॲल्युमिनियमचा नवा रेडिएटर सुचवतो. मूळ रेडिएटर तांब्यापितळेचा असतो, आणि भंडारा तर पितळेच्या भांड्यांचंच गाव. आमचा रेडिएटर इथल्याच एका जुन्या कारागिराने उघडला, नळ्यांतला क्षार काढला आणि झाळ देऊन पुन्हा बंद केला. असं काम करणारे हात आता कमी उरलेत, म्हणून शोधायला वेळ लागला तरी चालेल. काम झालं की गाडीत बसवण्याआधी रेडिएटर हौदात बुडवून, हवा भरून, बुडबुडे येतात का ते स्वतः उभं राहून बघा.